दोन भाऊ, दोन गव्हाणी

हिरालाल बिसेन टाइमकीपर आहे, हे त्याच्या चालण्यावरूनच कळायचं. भिलाईच्या पहिल्या भट्टीतून लोखंड निघायला लागून तेव्हा पावणेतीन वर्षं होत आली होती. मिल उभ्या राहत होत्या, क्वार्टरच्या ओळी वाढत होत्या, आणि टाइम ऑफिसच्या जाळीच्या खिडकीत बसून हिरालाल एका शिफ्टला तीनशे चाळीस माणसांची हजेरी लावत होता. पंजाबी फिटर, मल्याळी टायपिस्ट, आंध्राकडचे, जड यंत्रं दोरांनी चढवणारे रिगर, जवळपासच्या खेड्यांतून पितळी टोकन गळ्यात बांधून येणारे छत्तीसगढी मजूर. कोण भोंग्याआधी आला आणि कोण भोंग्यानंतर येऊन आधी आल्यासारखा चेहरा करून उभा आहे, हे तो मान वर न करता ओळखायचा. तिरोड्याकडच्या धानाच्या बांधीतून उठून आलेल्या माणसानं एवढं मिळवावं हे कौतुकाचंच होतं. फक्त ते कौतुक दुसऱ्या कुणी सुरू करण्याची तो वाट पाहत नसे.

पावेल साहेबांनी आपल्याला निवडलं ते याच गुणामुळे, असं त्याचं पक्कं मत होतं. पावेल साहेब म्हणजे मिलवरचे रशियन इंजिनियर. बायको आणि नऊ वर्षांची मुलगी लीना यांना घेऊन ते तीन महिन्यांसाठी देशी जायला निघाले होते. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन शिफ्ट बदलण्याच्या वेळी, त्यांनी खिडकीपाशी एक लाकडी खोकं आणून ठेवलं. साहेबांची हिंदी क्रियापदांवाचून चालत असे. ते म्हणाले, "हीरालाल, दो भाई. छोटा. तीन महीना."

खोक्यात गवत होतं आणि गवतात दोन प्राणी. तोंड उंदराचं, अंग सशाचं, कान सुकलेल्या पाकळीसारखे, आणि शेपटीच्या जागी काहीच नाही. एक तांबडा, एक कबरा. रशियन लोक त्यांना काय म्हणत ते हिरालालच्या जिभेवर बसलं नाही. गिनीपिग हे नाव त्याला दवाखान्यातल्या एका कंपाउंडरकडून नंतर कळलं. लीना बापाच्या मागे उभी होती. तिनं हिरालालकडे इतक्या गंभीरपणे पाहिलं की तो खुर्चीवरून आपोआप उठला. तिनं दोन बोटं वर केली, मग ती एकमेकांना चिकटवली. "दो. साथ में," ती म्हणाली. एकटा ठेवला तर झुरतो, खात नाही, मरतो, हे साहेबांनी खुणा करून सांगितलं आणि शेवटी डोळे मिटून दाखवले.

हिरालालनं रांगेतल्या माणसांच्या देखत छातीवर हात ठेवला. एक मार्चला दोघे, एकत्र, जसेच्या तसे. तीनशे चाळीस माणसं सांभाळणाऱ्याला दोन उंदीर काय जड आहेत, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर होता, आणि रांगेतल्या सगळ्यांनी तो पाहिला होता. पुढं हेच नडलं. शब्द नुसता मुलीला दिला असता तर एक वेळ चाललं असतं. तो एका अख्ख्या शिफ्टसमोर दिला होता.

पहिले तीन आठवडे दृष्ट लागावी असे गेले. दोघं भाऊ एकमेकांच्या अंगावर झोपत, एकाच वाटीतून कोबी खात, आणि नलूच्या बांगड्या वाजल्या की शिट्ट्या मारत. नलू म्हणजे हिरालालची बायको. तिनं पहिल्या दिवशी "हे काय आणून ठेवलं" एवढं म्हटलं, दुसऱ्या दिवसापासून कोथिंबिरीची काडी त्यांच्यासाठी बाजूला ठेवू लागली. शेजारच्या सिंधुताई ओळीतल्या बायकांना घेऊन येऊन पाहून गेल्या. हिरालाल व्हरांड्यात कापडी आरामखुर्चीत बसून जनावरांना वळण कसं लावावं यावर बोलत असे.

डिसेंबर अर्धा सरला आणि भाऊ वयात आले.

सुरुवात आवाजानं झाली. तांबडा अंग फुगवून, मागचा भाग डावी-उजवीकडे डोलवत, कबऱ्याभोवती फेऱ्या मारू लागला, आणि त्याच्या पोटातून लांबवर मालगाडी चालल्यासारखी घरघर येऊ लागली. कबऱ्यानं दोन दिवस दुर्लक्ष केलं, तिसऱ्या दिवशी तोही तसाच डोलला. मग दात वाजवणं आलं. मग हनुवटी वर, वर, आणखी वर करून एकमेकांपुढे उभं राहणं आलं, जसे दोन चार्जमन एकाच क्रेनसाठी उभे राहतात. मग एकानं दुसऱ्यावर चढणं आलं, तेव्हा नलूनं खोक्यावर गोणपाट टाकलं आणि सिंधुताईंनी विषय बदलला. खोक्यात एक छोटं लाकडी घर होतं, लीनाच्या बापानं केलेलं, एका दाराचं. कबरा आत शिरला की तांबडा दारात उभा राही. आतून किंचाळी, बाहेरून घरघर, आणि मग अख्खं घर पालथं.

हिरालालला हा शिस्तीचा प्रश्न वाटला. त्याच्या हिशोबी जगात दोनच प्रकारची माणसं होती, वेळेवर येणारी आणि न येणारी. आणि कुठल्याही भांडणाचं मूळ एकच, दोन माणसं एका जागी एका वेळी. प्लांटात हे होत नाही, कारण तिथं शिफ्ट असते. तेव्हा त्यानं भावांना शिफ्ट लावली.

सकाळच्या भोंग्याला तांबडा खोक्यात, कबरा पलंगाखालच्या टोपलीत. दुपारच्या भोंग्याला अदलाबदल. रात्री पुन्हा. भिंतीवर पुठ्ठा टांगून त्यावर त्यानं रकाने आखले, वर लाल पेन्सिलीनं "ए", "बी", "सी" लिहिलं, आणि साप्ताहिक सुट्टीचा रकानाही ठेवला, फक्त सुट्टीच्या दिवशी कुणाला कुठं ठेवायचं हे त्याला सुचलं नाही. दोन दिवसांत ओळीतली माणसं दुपारच्या भोंग्याला हिरालालच्या व्हरांड्यात जमू लागली. रशियन उंदरांची ड्यूटी बदलताना पाहायला लोक चहाचा कप हातात घेऊन येत. एकानं तर विचारलं, ओव्हरटाइम कुणाला मिळतो. हिरालालनं त्याच्याकडे खिडकीतून पाहावं तसं पाहिलं.

योजनेत एकच उणीव होती. मिलमध्ये बी शिफ्टचा माणूस येतो तेव्हा ए शिफ्टच्या माणसाचा वास त्याला सोसतो, फार तर तो नाक मुरडतो. भावांना तो सोसेना. खोक्यात शिरणारा आधी कोपरा न् कोपरा हुंगे, आणि सगळं खोकं पुन्हा आपलं करायला आठ तास झटे. तोवर भोंगा होई. म्हणजे ज्याला त्याला रोज दोनदा वाटे की आपल्या घरात कुणीतरी घुसून गेलं. आठव्या दिवशी अदलाबदल करताना हिरालालच्या एका हातातून कबरा सुटला. काय झालं ते डोळ्यांना दिसलंच नाही; दिसलं ते एवढंच, की कबऱ्याच्या डाव्या कानाला फाटा पडलाय आणि हिरालालच्या अंगठ्यातून रक्त येतंय. पुठ्ठा त्याच संध्याकाळी उतरला.

मग बळीराम आला. बळीराम नागपूरकडचा, दुर्गच्या स्टेशनवर रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन, हिरालालचा जुना दोस्त. सायकलवरून येई आणि जगातल्या कुठल्याही अडचणीला रेल्वेत आधीच उत्तर काढून ठेवलेलं आहे असं मानी. त्यानं खोकं पाहिलं, कान पाहिला आणि निदान सांगितलं. "सिंगल लाइनवर दोन गाड्या सोडून राहिला तू. टक्कर होईल नाई तं काय होईल? मदात भिंत टाक. याची अप, त्याची डाऊन."

मधोमध जाड फळी ठोकली. टक्कर थांबली. पण दुसऱ्याच दिवशी फळीच्या दोन्ही बाजूंनी बारीक शिट्ट्या सुरू झाल्या, आणि चौथ्या दिवशी कबऱ्यानं कोबीला तोंड लावणं सोडलं. फळीशी अंग टेकून तो बसून राही. पलीकडे तांबडाही तसाच. एकत्र ठेवले तर एकमेकांना फाडत होते, वेगळे ठेवले तर झुरत होते, आणि डिसेंबर संपला होता. पावेल साहेबांनी बंद केलेले डोळे हिरालालला अंघोळ करताना दिसू लागले.

सिंधुताईंचं मत असं पडलं की पोरं वयात आली, लग्न करून द्या. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत या जातीच्या माद्या असतात असं त्यांनी ऐकलं होतं. यावर नलूनं विचारलं, नवरी एक आणि नवरदेव दोन, मांडवात काय होईल? सिंधुताई विचारात पडल्या. शेवटी हिरालालनं कबऱ्याला भाजीच्या पिशवीत घातलं आणि दुर्गला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर सज्जन होते. त्यांनी कानाला औषध लावलं, सगळी हकीकत ऐकून घेतली, आणि बैलांच्या बाबतीत अशा वेळी आपण काय करतो हे सांगून कपाटातून तो चिमटा काढून टेबलावर ठेवला. चिमटा हिरालालच्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब होता. डॉक्टर थट्टा करत होते की नाही हे पाहायला हिरालाल थांबला नाही. घरी येऊन त्यानं सांगितलं की डॉक्टर दौऱ्यावर आहेत. पण कानाला लावलेलं जांभळं औषध नलूला दिसत होतं. तिनं तिरोड्याला आईला पोस्टकार्ड टाकलं.

इथं भागाबाईंबद्दल सांगायला हवं.

भागाबाई हिरालालच्या सासूबाई. त्या मुलखात सासू जावयासमोर येत नाही, आली तर पदर नाकापर्यंत ओढते, आणि त्याच्याशी थेट बोलत तर नाहीच. लग्नाला सात वर्षं झाली होती, आणि या सात वर्षांत हिरालालनं सासूचा चेहरा हनुवटीवरून वर पाहिला नव्हता आणि तिचा एक शब्द थेट त्याच्याकडे आला नव्हता. जे सांगायचं ते नलूमार्फत, नाही तर भिंतीला. गावच्या मोठ्या घरात हे खपून जातं. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये त्याची पंचाईत होते. मागच्या खेपेला भागाबाई आठ दिवसांसाठी आल्या होत्या. पुढच्या दारात हिरालालची आरामखुर्ची, म्हणून त्यांना बाहेर पडता येईना. त्या स्वयंपाकघरात, म्हणून हिरालालला पाणी प्यायला आत जाता येईना. मागचं दार पावसाळ्यापासून फुगून बसलेलं. दोघंही कोंडल्यासारखे. चौथ्या दिवशी हिरालाल नलूवर विनाकारण ओरडला आणि भागाबाईंना अचानक गावचं काम आठवलं. तेव्हा आता त्या आठ दिवसांसाठी येताहेत हे कळल्यावर हिरालालनं मनात चार मोजले.

त्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आल्या. या खेपेला त्यांनी आपला लोटा सोबत आणला होता. आल्या आल्या नलूकडून मागच्या दाराला तासणी मारून घेऊन ते उघडं केलं. पुढच्या खोलीत एक दुसरा माठ आला. हिरालालला हे नलूचं घरकाम वाटलं, आणि घरकामात तो लक्ष घालत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो व्हरांड्यात आरसा टांगून दाढी करत होता. भागाबाई आतल्या बाजूनं येऊन खोक्यापाशी उकिडव्या बसल्या, त्याच्याकडे पाठ करून. बराच वेळ त्यांनी नुसतं पाहिलं. मग तांबड्याला सांगायला सुरुवात केली.

"तुयं काई चुकलं नाई बापा. घर एका दाराचं. आतला आत कोंडते अन् भायेरचा दारात पैलवान होते. ताट एक. ताटाजवळ जो, तो मालक. तुले मालक होनं भाग हाये अन् त्याले चोर. आमच्या गोठ्यात दोन गोऱ्हे वयात आले का आमी दोन गव्हाणी कराव, अन् इतक्या दूर कराव का एकाले दोन्ही राखता आल्या नाई पायजे." मग थोडं थांबून, "अन् मदात फळी कोनं ठोकली? जनावराले भाऊ दिसला नाई तं तो मेला असंच समजते. जाळी लावाव."

हिरालालचा वस्तरा गालावर थांबला. बळीरामचं ऐकताना त्याला लाज वाटली नव्हती, डॉक्टरांचं ऐकतानाही नाही. आता मात्र वाटली, कारण हे सगळं त्याला माहीत होतं. त्याच्या बापाच्या गोठ्यात दोन गव्हाणी होत्या, एक आंब्याकडच्या भिंतीला आणि एक पार दुसऱ्या टोकाला, आणि त्यांत वैरण टाकायचं काम त्यानंच बारा वर्षं केलं होतं. भिलाईला आल्यावर पहिल्या महिन्यात त्यानं गोठ्याचा तो वास साबणानं धुऊन काढला होता. धुताना शहाणपणही निघून गेलं असावं, असं त्याला त्या क्षणी वाटलं; कापलेल्या गालाला तुरटी लावेपर्यंत वाटत राहिलं. मग त्यानं नलूला हाक मारून, जणू आपल्याच डोक्यात आलं अशा सुरात, मागच्या अंगणात मोठं कुंपण करायचा विचार असल्याचं सांगितलं. नलूनं आत पाहिलं. आतून कुणीतरी खोकलं.

कुंपणाला लाकूड हवं. भिलाईत तेव्हा लाकूड म्हटलं की एकच: रशियातून यंत्रं ज्या पेट्यांतून येत त्यांच्या फळ्या. अर्ध्या टाउनशिपच्या खाटा, टेबलं आणि देव्हारे त्या फळ्यांचे होते. कितीतरी देवांच्या पाठीमागे रशियन अक्षरं होती. पण फळी गेटाबाहेर काढायची तर गेट पास लागतो, आणि गेट पासात "कशासाठी" असा रकाना असतो. इतरांचे रकाने तपासण्यात ज्याची सहा वर्षं गेली, तो या रकान्यापाशी पाऊण तास बसला. "उंदरांसाठी" असं लिहायला त्याचा हात वळेना. "फर्निचर" लिहावं तर खोटं. शेवटी त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं: रशियन पाहुण्यांच्या निवासाकरिता.

यात एक अक्षर खोटं नव्हतं. गेटावरच्या हवालदारानं पास वाचला, सलाम ठोकला, आणि रशियन लोकांना एवढ्याशा फळ्या कशा पुरतील म्हणून आणखी सहा स्वतः चढवून दिल्या. गाडी क्वार्टरला पोचायच्या आधी बातमी पोचली की हिरालालकडे रशियन राहायला येताहेत. ती तशीच पुढं क्वार्टरवाल्या ऑफिसात गेली, आणि तिथं फाइल उघडली गेली.

इकडे भागाबाईंनी काम काढलं होतं. त्या स्वतः नलूला सांगत, नलू हिरालालला सांगे, हिरालाल खिळा ठोके. खिळा वाकडा गेला तर भागाबाई भिंतीला सांगत की खिळा वाकडा गेला. अंगणाच्या अर्ध्या भागात कुंपण झालं. सात फूट लांब, पाच फूट रुंद. दोन घरं, दोन टोकांना, प्रत्येकाला दोन दारं, म्हणजे एकातून कुणी घुसला तर दुसऱ्यातून निघता यावं. दोन पाण्याच्या वाट्या. खाण्याची ताटलीच नाही. कोबी, कोथिंबीर, हिरवं गवत सगळीकडे विखरून टाकायचं, म्हणजे राखायला काही उरत नाही. खोक्यातल्या फळीच्या जागी जाळी लागली, आणि पहिल्याच दिवशी दोघं भाऊ जाळीच्या दोन बाजूंना अंग लावून झोपले. कबऱ्यानं पेरूची फोड खाल्ली. ती बातमी द्यायला नलू व्हरांड्यात धावत आली. हिरालाल वर्तमानपत्र वाचत होता. त्यानं पान उलटलं, आणि लगेच तेच पान पुन्हा मागं आणलं.

आठ दिवस संपून गेले होते. भागाबाई जायचं म्हणाल्या नाहीत, आणि हिरालालला आठवण झाली नाही, ही या हकीकतीतली मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

भेट ठरली संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सुट्टीच्या सकाळी. कुंपणाच्या आत नाही, अंगणाच्या उरलेल्या भागात, जिथं दोघांपैकी कुणाचंच पाऊल पडलं नव्हतं. नलूनं जागा धुऊन घेतली, वर गवत पसरलं. बळीराम सायकलवरून आला. सिंधुताई कुंपणापलीकडून डोकावल्या आणि मग सरळ आतच आल्या. नेमका त्याच वेळी क्वार्टरवाल्या ऑफिसचा इन्स्पेक्टर फाइल घेऊन हजर झाला: परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवल्याची चौकशी, आणि तेही परदेशी. "रशियन कहाँ हैं?" त्यानं विचारलं. हिरालालनं हातातल्या दोन टोपल्या पुढं केल्या. इन्स्पेक्टरनं आत पाहिलं. त्याच्या नोकरीत अशा प्रसंगासाठी नमुना नव्हता. नलूनं त्याला एक पाट दिला, आणि तो बसला.

भागाबाईंनी भिंतीला नियम सांगितला. "घुरघुरू दे. दात वाजवू दे. धावू दे. रगत दिसलं तरच उठाचं."

भाऊ सोडले. दोन मिनिटं दोघं फक्त गवत खात होते. मग तांबड्याला कबरा दिसला. अंग फुगलं, घरघर सुरू झाली, डोलणं सुरू झालं. कबऱ्यानं दात वाजवले, कोरड्या शेंगा हलवाव्यात तसे. दोघं हनुवटी वर करून उभे राहिले. तांबडा चढला, कबरा सुटला, पळाला, वळला, त्यानं झेप घेतली, केसांचा एक झुबका हवेत उडाला. सिंधुताईंनी डोळ्यांवर हात घेतले आणि बोटांतून पाहत राहिल्या. हिरालालच्या डोळ्यांपुढं लीनाची दोन बोटं होती, चिकटलेली. तीनशे चाळीस माणसांत मारामारी झाली तर तो खिडकीतून बाहेर येऊन मध्ये उभा राहत असे. इथं त्यानं काहीच करायचं नव्हतं, आणि काहीच न करण्याची त्याला सवय नव्हती. पुन्हा एक किंचाळी आली. त्याचा हात पुढं गेला.

"जवाईबापू, हात मांगं घ्या."

अंगणात सगळं थांबलं. बळीरामनं टोपी काढली, कशासाठी ते त्यालाही कळलं नसावं. नलूचं तोंड उघडंच राहिलं. सात वर्षांत पहिल्यांदा सासू जावयाशी बोलली होती. भिंतीशी नाही, नलूशी नाही. पदर कपाळापर्यंत सरकला होता आणि त्याखालचे डोळे सरळ हिरालालकडे पाहत होते. रागानं नाही. शिकवताना पाहतात तसे.

"त्यायले त्यायचं ठरवू द्या," त्या म्हणाल्या. "तुमी ठरवून द्याल तं उद्या पुन्हा तुमालेच ठरवा लागन."

हिरालालनं हात मागं घेतला. दोन्ही हात मांडीखाली घालून, त्यांच्यावर बसला. इन्स्पेक्टरनंही, त्याला कुणी सांगितलं नव्हतं तरी, फाइल खाली ठेवली.

चाळीस मिनिटं चाललं. बळीरामनं घड्याळ लावलं होतं. चाळिसाव्या मिनिटाला कबऱ्यानं मान खाली घातली, तोंड फिरवलं आणि गवताची एक काडी उचलली. तांबडा त्याच्याभोवती आणखी एक फेरी डोलला, ती अर्ध्यावर सोडली, आणि त्याच काडीचं दुसरं टोक खायला लागला. दोघांची तोंडं मध्ये भेटली. कुणी कुणाला चावलं नाही.

"ठरलं," भागाबाई म्हणाल्या. पदर पुन्हा नाकावर आला होता, आणि त्या भिंतीशी बोलत होत्या.

इन्स्पेक्टर दोन कप चहा पिऊन गेला. त्याच्या अहवालाची नक्कल हिरालालनं पुढं बरेच दिवस जपून ठेवली होती: राहणारे, रशियन, नग दोन, वर्तन शांत, बांधकाम उचलून नेण्याजोगे, हरकत नाही.

एकदा ठरलं म्हणजे सगळं सरळ झालं असं नाही. फेब्रुवारीभर अधूनमधून घरघर उठे, एकदा पाण्याच्या वाटीवरून, एकदा काहीच कारण नसताना. प्रत्येक वेळी हिरालाल हातांवर बसून राही. भागाबाई मागच्या दारानं येत, कुणाचं अंग चाचपून पाहत, कुंपण झाडताना थोडं जुनं गवत मुद्दाम ठेवत, म्हणजे घर आपलंच आहे हा वास राहतो. या बाईला कधी घाई झालेली हिरालालनं पाहिली नाही. दोन जनावरांत कोण कधी चिडेल हे तिला त्यांच्या कानांवरून कळे, जसं त्याला उशीर झालेला माणूस चेहऱ्यावरून कळे. फरक एवढाच, की तो उशीर लिहून ठेवायचा आणि ती चिडायची वेळच येऊ देत नसे. टाइम ऑफिसात असा एक माणूस असता तर खिडकीला जाळीची गरज पडली नसती, असं त्याच्या मनात आलं. ते त्यानं कुणाला सांगितलं नाही, पण मनात आलं ही त्याच्यासारख्याला थोडी गोष्ट नाही.

एक मार्चला पावेल साहेब आले. लीना मोटारीतून उतरून सरळ मागच्या अंगणात धावली. दोघं भाऊ एकाच घरात, एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपले होते. तिची हाक ऐकून एक या दारातून आणि एक त्या दारातून बाहेर आला. ती गुडघ्यांवर बसली. कबऱ्याचा फाटलेला कान तिनं बोटानं चाचपला आणि हिरालालकडे पाहिलं. हिरालालनं मान खाली घातली. जसेच्या तसे म्हटलं होतं, आणि एक कान तसा नव्हता. तिनं दोन बोटं वर केली आणि चिकटवली. एवढ्यावर हिशोब मिटला.

साहेब कुंपणाभोवती फिरले, फळ्यांवरची आपल्या देशाची अक्षरं वाचून हसले, आणि विचारलं, "हीरालाल, बहुत अच्छा. स्पेशालिस्ट कौन?"

बळीराम हजर होता, सिंधुताई हजर होत्या, आणि उत्तर द्यायला हिरालालला एक क्षण लागला. तीन महिन्यांपूर्वी तो क्षणही लागला नसता. "मेरी सासूबाई," तो म्हणाला, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे हात केला. दारात फक्त पदराचा काठ दिसत होता. साहेबांनी टोपी काढली आणि त्या काठाला वाकून नमस्कार केला.

लीना मात्र अजून मोजत होती. तिनं कुंपणातली दोन घरं मोजली, चार दारं मोजली, दोन वाट्या मोजल्या. मग चहासाठी सगळे आत आले, तशी तीही आली, आणि क्वार्टरच्या मधोमध उभी राहून भोवताली पाहू लागली. पुढच्या खोलीत एक माठ, स्वयंपाकघरात एक माठ. पुढं एक लोटा, मागं एक लोटा. पुढच्या दारात आरामखुर्ची, मागच्या दारात पाट. दोन्ही दारं उघडी. तिचा चेहरा उजळला.

"पापा," ती हिंदीतच म्हणाली, सगळ्यांना कळावं म्हणून. "यहाँ भी दो. सब दो."

हिरालालनं तिच्या बोटामागोमाग एक एक वस्तू पाहिली. आठ दिवसांसाठी आलेली सासू दोन महिने झाले राहत होती, आणि या दोन महिन्यांत, संक्रांतीनंतरची ती सकाळ सोडली तर, त्याची तिच्याशी एकदाही समोरासमोर गाठ पडली नव्हती, तो पाण्यासाठी अडला नव्हता, नलूवर ओरडला नव्हता. त्याला वाटत होतं, आपला स्वभाव निवळला. नलू पदर तोंडात कोंबून चुलीकडे वळली होती. स्वयंपाकघराच्या दारातला पदराचा काठ किंचित हलला.

हिरालाल आपल्या दारातल्या आपल्या खुर्चीत जाऊन बसला, आपल्या माठातलं पाणी प्याला, आणि नलूमार्फत आत निरोप पाठवला की आईंना म्हणावं, इतक्यात जायचं नाव काढू नका.